चांदीचा राजा कशाने बुडाला? लेडव्हिलचा होरेस टेबर आणि मुंबईची टांकसाळ

गेल्या काही काळात चांदीच्या भावाने सगळ्यांनाच चक्रावून सोडलंय. किलोमागे लाखाचा आकडा कधीच मागे पडला. लेकीच्या लग्नात पैंजण-जोडवी घेणाऱ्यांपासून ते वायदेबाजारात पैसे लावणाऱ्यांपर्यंत सगळे एकच प्रश्न विचारतात: हा भाव ठरवतं तरी कोण? खाणीत चांदी किती निघते आणि बाजारात मागणी किती आहे यावर भाव ठरतो, असं सरळ उत्तर आपण ऐकतो. ते खरं असलं तरी अर्धवट आहे. उरलेला अर्धा भाग समजून घ्यायला अमेरिकेतल्या एका माणसाच्या आयुष्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. होरेस टेबर त्याचं नाव. तो कोलोरॅडोच्या डोंगरात चांदीवर अफाट श्रीमंत झाला आणि चांदीनेच कंगाल झाला. त्याला बुडवणाऱ्या निर्णयांपैकी एक सिमल्यात झाला होता आणि त्याची अंमलबजावणी मुंबईच्या फोर्टातल्या टांकसाळीत झाली होती.

खाणवस्ती म्हणजे काय?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेला कुठेतरी ओढ्यात सोनं सापडल्याची बातमी फुटायची आणि महिन्याभरात तिथे तंबू, लाकडाच्या ओंडक्यांच्या खोल्या, दारूचे गुत्ते आणि एखाददुसरं किराणा दुकान उभं राहायचं. ही खाणवस्ती. सरकार तिथे उशिरा पोचायचं, त्यामुळे जमिनीचा कोणता तुकडा कुणी खणायचा याचे नियम माणसं आपापसांत ठरवत. अशा आखून घेतलेल्या तुकड्याला 'क्लेम' म्हणत. पुढे १८७२च्या केंद्रीय कायद्याने या पद्धतीला देशभर मान्यता दिली. सरकारी जमिनीवर खनिज शोधा, खुंट्या ठोका, नोंद करा, खाण तुमची.

'सरकारी' हा शब्द मात्र जरा थांबून वाचायला हवा. हे डोंगर यूट या तिथल्या मूळनिवासी लोकांचे होते. १८६८च्या कराराने त्यांना पश्चिमेकडे ढकललं गेलं आणि १८८१पर्यंत बहुतेकांना कोलोरॅडोच्या पश्चिम भागातूनही हुसकावून युटामध्ये पाठवलं गेलं. टेबरसारख्यांना 'पहिले' म्हणताना हे लक्षात ठेवावं लागतं.

टेबर मूळचा व्हरमाँटचा, जन्म १८३०चा, धंद्याने पाथरवट. कॅन्ससमध्ये शेती करून पाहिली, जमली नाही. १८५९मध्ये कोलोरॅडोत सोन्याची धावाधाव सुरू झाली तेव्हा बायको ऑगस्टा आणि कडेवरचा मुलगा मॅक्सी यांना घेऊन तो बैलगाडीने निघाला. १८६०मध्ये हे कुटुंब कॅलिफोर्निया गल्च नावाच्या घळीत पोचलं. ही जागा दहा हजार फुटांवर, आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. ऑगस्टा त्या वस्तीत आलेली पहिली बाई. नवरा ओढ्यात गाळ धुवायचा आणि ती पाव भाजून विकायची, माणसांना जेवू घालायची, टपाल सांभाळायची. खाणवाले नाण्यांऐवजी सोन्याची पूड देत आणि तिचं वजन करायची तीच. माझ्या मते या घराचा खरा आधार पहिली अठरा वर्षं ऑगस्टाच होती. ओढ्यातलं सोनं काही हंगामांत संपलं, लोक पांगले, पण टेबरचं दुकान चालू राहिलं.

ज्या काळ्या वाळूला सगळे वैतागले होते

ओढ्यातलं सोनं काढायची रीत सोपी होती. लाकडी पन्हळीत गाळ टाकायचा आणि वरून पाणी सोडायचं. हलकी माती वाहून जाते, जड सोनं तळाशी अडकतं. पण कॅलिफोर्निया गल्चमध्ये पन्हळीत एक जड काळी वाळूही साचायची. ती पाण्याने वाहून जाईना. लोक वर्षानुवर्षं ती फावड्याने उचलून बाजूला टाकत राहिले.

१८७०च्या दशकाच्या मध्यावर विल्यम स्टीव्हन्स आणि अल्व्हायनस वुड या दोघांनी ती वाळू तपासून घेतली. ती शिशाचा कार्बोनेट निघाली आणि त्या शिशात चांदी होती, तीही भरपूर. ज्या ढिगाऱ्यांच्या ठेचा लागायच्या तेच धन होतं. १८७८मध्ये वस्तीला शहराचा दर्जा मिळाला आणि शिशावरूनच (इंग्रजीत 'लेड') तिचं नाव लेडव्हिल पडलं. १८८०च्या जनगणनेत तिथे १४,८२० माणसं मोजली गेली. तीन वर्षांपूर्वी तिथे काहीशे लोकही धड नव्हते. टेबर या शहराचा पहिला महापौर झाला.

किराण्याच्या उधारीतून दहा लाख डॉलर

१८७८च्या वसंतात ऑगस्ट रिशे आणि जॉर्ज हुक हे दोन जर्मन चांभार टेबरच्या दुकानात आले. हातात पैसा नव्हता, पण खाण शोधायची होती. टेबरने त्यांना शिधा आणि हत्यारं दिली. बदल्यात ठरलं की काही सापडलं तर एक तृतीयांश वाटा त्याचा. या व्यवहाराला 'ग्रबस्टेक' म्हणतात. त्याने दिलेला सगळा माल मिळून ७० डॉलरांच्याही आतला होता.

त्या दोघांनी फ्रायर हिलवर खणायला सुरुवात केली आणि जेमतेम पंचवीस-तीस फुटांवर त्यांना चांदीचा साठा लागला. ती खाण 'लिटल पिट्सबर्ग'. यात कौशल्य काही नव्हतं. त्या टेकडीवर साठा जमिनीच्या इतक्या जवळ होता अशा जागा फार थोड्या होत्या आणि त्यांतल्या एकीवर त्यांचं फावडं पडलं. पुढच्याच वर्षी टेबरने आपला हिस्सा दहा लाख डॉलरांना विकला आणि १,१७,००० डॉलरांना 'मॅचलेस' ही खाण घेतली. तिनेही त्याला भरभरून दिलं. सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत दुकान चालवणारा हा माणूस पन्नाशीला राज्याचा लेफ्टनंट गव्हर्नर होता. त्याने १८७९मध्ये लेडव्हिलला ऑपेरा हाउस बांधलं, १८८१मध्ये डेन्व्हरला त्याहून मोठं बांधलं. १८८३मध्ये कुणाच्या तरी उरलेल्या मुदतीपुरता, महिनाभर, तो अमेरिकेच्या सिनेटमध्येही बसला.

त्याच वर्षी जानेवारीत ऑगस्टाशी घटस्फोट झाला. आपण हे खुशीने मागत नाही, असं कोर्टाच्या नोंदीत लिहून घ्यायला तिने लावलं. मार्चमध्ये वॉशिंग्टनच्या विलर्ड हॉटेलात टेबरने एलिझाबेथ मॅककोर्टशी थाटात लग्न केलं. लोक तिला 'बेबी डो' म्हणत. लग्नाला राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर हजर होते.

आणि खाणीत उतरणाऱ्यांचं काय?

लेडव्हिलच्या खाणकामगाराला दिवसाला तीन डॉलर मिळत. १८८०च्या मे महिन्यात त्यांनी चार डॉलर आणि आठ तासांची पाळी मागत संप केला. मालक हटले नाहीत, गव्हर्नरने लष्करी कायदा लावला, संप मोडला. टेबर मालकांच्या बाजूने उभा होता.

त्या उंचीवर, ओल्या कपड्यांनिशी खाणीतून बर्फात बाहेर पडणाऱ्या माणसाला न्यूमोनिया गाठायचा आणि बहुतेक वेळा घेऊनच जायचा. गावाच्या एव्हरग्रीन कब्रस्तानात गरिबांसाठीचा एक भाग आहे. तिथे तेराशेहून जास्त माणसं दगडाविना, नावाविना पुरलेली आहेत. त्यांत बहुसंख्य आयरिश स्थलांतरित आणि त्यांची मुलंबाळं. अलीकडे, २०२३मध्ये, त्यांच्या नावांचं स्मारक तिथे उभं राहिलं. पहिल्या पिढीच्या खाणवाल्यांच्या कथा सांगताना टेबरचं नाव येतं. या तेराशेंची नावं यायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली, याचा मला राग येतो.

चांदीला भाव देत कोण होतं?

आता मूळ प्रश्नाकडे. चांदी ही त्या काळी फक्त धातू नव्हती, ती चलन होती. बऱ्याच देशांत 'मुक्त टांकणी' होती. म्हणजे कुणीही टांकसाळीत चांदी घेऊन जावं, किरकोळ शुल्क द्यावं आणि तेवढ्या वजनाची नाणी घेऊन यावं. अमेरिकेत सोळा वजनं चांदी म्हणजे एक वजन सोनं असं कायद्याने ठरलेलं होतं, त्या हिशेबाने चांदी औंसाला १ डॉलर २९ सेंट पडायची.

कापसाची हमीभावाने सरकारी खरेदी असते तेव्हा काय होतं ते आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. बाजारात कितीही मंदी असो, केंद्र उघडं आहे तोवर भाव एका पातळीच्या खाली सहसा जात नाही. केंद्राला कुलूप लागलं की दुसऱ्या दिवशी व्यापारी वेगळाच आकडा सांगतो. चांदीसाठी टांकसाळी हीच केंद्रं होती.

ती एकेक करून बंद होत गेली. १८७१नंतर जर्मनीने सोन्याचं चलन घेतलं आणि आपली चांदी बाजारात ओतली. फ्रान्स आणि शेजाऱ्यांनी चांदीची नाणी पाडण्यावर मर्यादा घातल्या. अमेरिकेने १८७३च्या कायद्यात चांदीचा डॉलर वगळला. नेमक्या याच दशकात कोलोरॅडो आणि नेव्हाडातून चांदीचा पूर लोटला. भाव घसरू लागला. खाणमालकांच्या आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या दबावाने अमेरिकन सरकारने १८७८मध्ये ठरावीक रकमेची चांदी घ्यायला सुरुवात केली. १८९०च्या शर्मन कायद्याने तर दरमहा ४५ लाख औंस खरेदी सक्तीची केली. तरीही १८९३च्या सुरुवातीला भाव ८० सेंटांच्या आसपास आला होता.

तेव्हा जगात चांदीची दोन मोठी गिऱ्हाइकं उरली होती. एक वॉशिंग्टनचं सरकारी खरेदीखातं आणि दुसरा हिंदुस्थान.

२६ जून १८९३

मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी कुणाचीही चांदी घेऊन रुपये पाडून देत. अमेरिकेच्या यादवी युद्धात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा त्याचे पैसे बऱ्याच अंशी चांदीच्या रूपानेच इथे उतरले होते. रुपया म्हणजेच चांदी, त्यामुळे चांदी उतरली की रुपयाही उतरे. सरकारची अडचण अशी की इंग्लंडला पेन्शनी, व्याज, लष्कराचा खर्च पौंडांत म्हणजे सोन्यात पाठवावा लागे. पूर्वी एका पौंडाला साधारण दहा रुपये पुरत, आता सोळा लागू लागले.

लॉर्ड हर्शेल यांच्या समितीने उपाय सुचवला: टांकसाळी जनतेसाठी बंद करा. २६ जून १८९३ रोजी सिमल्यात तसा कायदा एका बैठकीत मंजूर झाला. रुपयाचं चांदीशी असलेलं नातं तुटलं.

तारेने बातमी पोचली आणि चांदीचा भाव काही दिवसांत ६५ सेंटांच्याही खाली आला. कोलोरॅडोत त्याच आठवड्यात खाणी आणि धातू गाळण्याच्या भट्ट्या थंड झाल्या. जुलैत डेन्व्हरमध्ये तीन दिवसांत बारा बँका बुडाल्या. राज्यात ४५ हजारांच्या आसपास माणसं बेकार झाल्याचं सांगितलं जातं. त्यांनी निघून जावं म्हणून रेल्वेने तिकिटं स्वस्त केली. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचं, खास अधिवेशन बोलावलं आणि १ नोव्हेंबरला शर्मन कायद्याची खरेदीही रद्द झाली. चार महिन्यांत दोन्ही गिऱ्हाइकं गेली.

टेबरकडे ऑपेरा हाउस होतं, डेन्व्हरला मोठा बंगला होता, इतर खाणींत आणि परदेशी जमिनींत घातलेला पैसा होता. पण सगळं गहाण होतं आणि कर्ज फेडायचं होतं ते चांदीच्या जोरावर. काही वर्षांत एकेक करून सगळं गेलं.

टेबर उधळ्याच होता ना?

होता, यात शंका नाही. त्याच काळात ऑगस्टाचं काय झालं ते पाहा. घटस्फोटात मिळालेली मालमत्ता तिने शहरातल्या घरांत आणि भाड्यात ठेवली, खाणींच्या नादी लागली नाही. १८९५च्या जानेवारीत ती कॅलिफोर्नियात वारली तेव्हा श्रीमंत होती. तेव्हा हे संकट कुणालाच टाळता येण्याजोगं नव्हतं, असं नाही. पण उधळपट्टी हे पूर्ण उत्तर मानलं तर तीन डॉलर रोजावरचा, एक पैसाही न उडवलेला कामगार त्याच आठवड्यात का उपाशी पडला ते सांगता येत नाही.

दुसरी शंका अशी की सिमल्यातल्या एका कायद्याने एवढं कसं होईल? एकट्याने झालं नाही. वीस वर्षं भाव उतरतच होता. त्या वर्षी फेब्रुवारीत रीडिंग ही अमेरिकेतली मोठी रेल्वे कंपनी दिवाळखोरीत गेली होती आणि एप्रिलमध्ये अमेरिकन तिजोरीतली सोन्याची गंगाजळी धोक्याच्या पातळीखाली गेली होती. शर्मन कायद्यावर टीका तर आधीपासूनच चालू होती. मुंबईच्या टांकसाळीने ढकललं ते आधीच झुकलेल्या भिंतीला. पण त्या शेवटच्या धक्क्याची तारीख ठरलेली आहे आणि त्यानंतरची पडझड दिवसांत मोजता येते.

भाव पडला तर कमी खर्चात खाण चालवावी, असंही कुणी म्हणेल. फ्रायर हिलवरचा सोपा, समृद्ध साठा १८८०च्या सुमारासच आटत आला होता. पुढे खोल जायचं तर पंप, लाकडी आधार, वाफेची यंत्रं लागतात आणि पाणी उपसायचं काम एक दिवसही थांबवता येत नाही. हा खर्च चांदीच्या भावाबरोबर उतरत नाही. ज्यांना दुसरा धातू सापडला ते तरले. लेडव्हिलच्याच लिटल जॉनी खाणीत जेम्स ब्राउन यांना त्याच वर्षी सोनं लागलं. त्यांची पत्नी मार्गारेट पुढे टायटॅनिकवरून बचावली म्हणून जगाला ठाऊक आहे. अनेक कामगार क्रिपल क्रीकच्या सोन्याकडे वळले.

टेबरचा शेवट

साठी उलटलेला टेबर पुन्हा अंगमेहनतीच्या कामावर गेला. १८९८मध्ये सिनेटर वोल्कॉट यांच्या खटपटीने त्याला डेन्व्हरच्या पोस्टमास्तरची नोकरी मिळाली. लेडव्हिलच्या दिवसांतही तो दुकानाबरोबर टपाल सांभाळतच होता, काम ओळखीचं होतं आणि त्याने ते नीट केलं. सव्वा वर्षाने, १० एप्रिल १८९९ रोजी, डेन्व्हरच्या विंडसर हॉटेलातल्या खोलीत अपेंडिक्सच्या दुखण्याने तो गेला. वय अडुसष्ट. अंत्ययात्रेला हजारो लोक आले. ज्यांनी त्याच्या वाईट दिवसांत तोंड फिरवलं होतं, त्यांतलेही बरेच असतील.

मरताना त्याने बेबी डोला 'मॅचलेस सोडू नकोस' असं सांगितलं, ही कथा तुम्ही कुठेतरी वाचाल. त्या काळच्या नोंदींत तिला आधार नाही, ती मागाहून रंगवली गेली. एवढं मात्र खरं की बेबी डो पुढची पस्तीसेक वर्षं त्या खाणीला धरून राहिली. खाण कर्जात गेली तरी मालकांनी तिला तिथल्या अवजारांच्या खोपटात राहू दिलं. थंडीत पायांना गोणपाट गुंडाळून ती गावात यायची. १९३५च्या मार्चमध्ये जोराच्या हिमवादळानंतर धुराड्यातून धूर दिसेना म्हणून लोक पाहायला गेले, तेव्हा ती जमिनीवर गोठून मेलेली आढळली. भाव परत चढेल हा विश्वास तिने सोडला नाही. मुक्त टांकणीचे दिवस कायमचे गेले आहेत, हे तिला कुणी समजावून सांगितलं होतं का, असं मला नेहमी वाटतं.

आणि आपल्याकडे?

लेडव्हिलला जे झालं तेच वेगळ्या वाटेने दख्खनच्या खेड्यांत झालं. शेतकऱ्याची बँक म्हणजे बायकोच्या अंगावरचे गोठ, तोडे, वाळे. टांकसाळ उघडी होती तोवर अडचणीत ते मोडले की जवळजवळ वजनाइतके रुपये हाती येत. १८७६-७८च्या दुष्काळात अशी दागिन्यांची चांदी मुंबईच्या टांकसाळीत मोठ्या प्रमाणावर आली होती. १८९३नंतर हा रस्ता बंद झाला. रुपया महाग झाला, चांदी स्वस्त. सारा आणि सावकाराचं देणं मात्र रुपयांतच. १८९६-९७ आणि १८९९-१९००च्या दुष्काळांत शेतकरी सराफाकडे गेला तेव्हा त्याच तोड्यांना पूर्वीपेक्षा कमी रुपये मिळाले. टांकसाळी बंद करणं म्हणजे रयतेवर न सांगता लादलेला करच आहे, असं दादाभाई नौरोजींनी तेव्हा सरकारला सुनावलं होतं.

याच रुपयाच्या प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रबंध लिहिला आणि १९२३मध्ये तो ग्रंथरूपाने आला. १८९३चा निर्णय त्यात सविस्तर तपासलेला आहे. आज कोणतंच सरकार ठरलेल्या भावाने कुणाची चांदी घेऊन नाणी पाडून देत नाही. भाव सौर पॅनेल आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांची खरेदी, गुंतवणूकदारांचा ओघ आणि तांबं, शिसं, जस्त काढताना सोबत निघणारी चांदी यांवर हलतो. सरकारं मात्र आयातशुल्क वाढवून किंवा कमी करून अजूनही एका रात्रीत तो बदलू शकतात. २०२४च्या अर्थसंकल्पात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं, त्या दिवशी आपल्या सराफ बाजाराने ते पाहिलं आहे.